दोराची टेस्ट

आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, चार दिवसांवर आली असताना वाल्मीक सुट्टी काढून आंबखेड्याला आला, अंगातला शर्ट खुंटीला लावला आणि मोरीत तोंड धुवायला बसला. तेवढ्यात द्रौपदाबाईंनी शर्ट धुण्यासाठी उचलला. पोरगा प्रवासातून आला की आधी त्याचे कपडे धुवायचे आणि मग तब्येत विचारायची, ही त्यांची पद्धत. खिसे चाचपताना हाताला एक चपटी प्लास्टिकची डबी लागली. काडेपेटीएवढी, मागे चिमटा, आत तीन पांढऱ्या टिकल्या.

"वाल्मीक, हाई काय शे रे? गोळ्या चालू शेत का तुले?"

वाल्मीकने साबणाच्या फेसातून एक डोळा उघडून पाहिलं आणि लगेच दोन्ही मिटून घेतले.

"ओ माय वं! बिल्ला मन्हाजोडेच ऱ्हाई गया!"

वाल्मीक दूर दक्षिणेत एका सरकारी कारखान्यात साहेब होता. मटेरियल इंजिनिअर. अणुभट्टीला जे इंधन लागतं ते त्याच्या खात्यात बनायचं. युरेनियमची पूड दाबून बोटाच्या पेराएवढ्या गोळ्या करायच्या, त्या भट्टीत भाजून टणक करायच्या, आणि एकीलाही चीर गेलेली नाही हे पाहून लांब नळ्यांत भरायच्या. पहिल्या वर्षी त्याने हे आईला समजावून पाहिलं होतं. "भाकरले चीर पडनी तरी तू ताटमा वाढस. मी गोळी फेकी देस," असं तो म्हणाला. "मंग तठला लोके उपाशी ऱ्हातस का?" असं द्रौपदाबाईंनी विचारलं. तेव्हापासून त्याने समजावणं सोडलं, आणि गावाने आपल्या सोयीने ठरवून टाकलं की अभिमनभाऊंचा पोरगा बॉम्ब बनवतो आणि सरकार त्याला त्याचा पगार देतं.

अभिमनभाऊ मात्र गावापेक्षा एक पाऊल पुढे होते. त्यांना 'मटेरियल' हा शब्द पाठ होता. कोणती वस्तू किती टिकेल हे सांगणारा साहेब म्हणजे मटेरियल इंजिनिअर, असा त्यांनी त्याचा अर्थ लावला होता, आणि तो फारसा चुकीचाही नव्हता. चूक एवढीच, की हा गुण रक्तातून येतो आणि रक्त बापाकडून येतं, असं त्यांचं मत होतं. वाल्मीक साहेब झाल्यापासून ते लोकांचे नांगर, खाटा आणि दरवाजे वाजवून बघत आणि न विचारता निकाल देत.

"हाऊ बिल्ला कसाना शे?" त्यांनी डबी हातात घेऊन विचारलं.

"आबा, त्याले हात नका लावा. कारखानामा जाताना छातीवर लावना पडस. अंगवर कितला किरणं पडनात ते त्यानामा समजस. ड्युटीवर एकदा लावा का काढाना नही. आनि सुटी व्हयनी का गेटवर ठेवाना. मी गाडी चुकी जाई म्हनीसन पळनू, आनि ऱ्हाई गया खिसामा. आते देवजोडे ठेवा आनि कोन्ही हात लावू नका. मन्ही नोकरी शे ती."

या सगळ्यातलं अभिमनभाऊंच्या कानात एकच वाक्य राहिलं: एकदा लावा का काढाना नही.

दुसऱ्या दिवशी वाल्मीक मुऱ्हाळी म्हणून चोपड्याला गेला. आखाजीला माहेरवाशिणीला आणायला भाऊ जातो, त्याला मुऱ्हाळी म्हणतात. त्याच्या बहिणीच्या, लिलाबाईच्या, सासूने त्याला ठेवून घेतलं, केळीची बाग दाखवली, जावयाच्या पंपाची मोटर कुरकुरते ती ऐकवली, आणि सून पाठवायचा विषय निघाला की कान दुखतो म्हणून सांगितलं. इकडे देव्हाऱ्यात खंडेरायाच्या टाकाशेजारी बिल्ला तीन डोळ्यांनी अभिमनभाऊंकडे बघत होता. त्यांनी अंघोळ केली, पूजा केली, प्रसाद घेतला आणि बिल्लाही घेतला.

तो सदऱ्यावर लावून ते धुळ्याच्या बाजाराला निघाले. एसटीत उभं राहायला जागा नव्हती. कंडक्टरने छातीकडे पाहिलं.

"काका, कोणतं खातं?"

"अणुशक्ती," अभिमनभाऊ म्हणाले. ते खोटं बोलले नाहीत. बिल्ला अणुशक्तीचाच होता.

कंडक्टरने आमदारासाठी राखलेल्या सीटवर बसलेल्या कोणा एका जावईबापूंना उठवलं आणि भाऊंना बसवलं. आंबखेड्याचा आमदार त्या सीटवर कधी बसल्याचं कोणाला आठवत नव्हतं, त्यामुळे सीट पहिल्यांदाच योग्य माणसाला मिळाली असं भाऊंचं मत पडलं. बाजारात बी-बियाणेवाल्याने खुर्ची दिली, कचेरीच्या शिपायाने सलाम केला. संध्याकाळी ते घरी आले ते दोन बोटं उंच होऊनच. बिल्ला काढायचा विचार त्यांच्या मनात आला, पण नियम म्हणजे नियम. त्यांनी तो आतल्या बंडीला लावला आणि झोपले.

गावात झुलालच्या खळ्यामागे मोठा निंब आहे. आखाजीचा झोका दर साली त्याच निंबाला. माहेरी आलेल्या पोरी, सुना, म्हाताऱ्या, सगळ्या आळीपाळीने बसतात आणि गाणी म्हणतात. गाणी नवी नवी होतात. गावात वर्षभर जो कोणी शहाणपणा केला असेल त्याचा त्यात समाचार असतो, म्हणून त्या दिवसांत पुरुषमंडळी निंबाखालून जाताना घाईत असतात. त्या साली दोर नवा होता. अभिमनभाऊ सदऱ्यावर बिल्ला लावून जाताना दिसले तेव्हा कलाबाईने त्यांना हाक मारली. कलाबाई म्हणजे झुलालची बायको, गावातली सगळ्यात तिखट जीभ.

"भाऊ, तुम्ही बिल्लावाला साहेब. हाऊ दोर टिकी का, सांगा बरं."

बाकीच्या पदरात हसल्या. अभिमनभाऊंनी दोर चिमटीत धरला, वास घेतला, नखाने खरवडला.

"असं सांगता येत नही," ते गंभीरपणे म्हणाले. "टेस्ट करनी पडी."

आणि टेस्ट करायचीच, हे त्यांनी मनात पक्कं केलं. दुपारी बायका जेवायला घरी गेल्या तेव्हा ते सुपडूला घेऊन निंबाखाली आले. सुपडू त्यांचा लहानपणापासूनचा दोस्त. लग्नकार्याला भाड्याने पेट्रोमॅक्स बत्त्या देणं हा त्याचा धंदा, आणि अभिमनभाऊ सांगतील ते करणं हा त्याचा स्वभाव.

"लोड पाहिजे," भाऊ म्हणाले.

"गहूनी गोणी आनू?"

"गोणी बोलस नही. कोठे कुरकुरस ते सांगाले मानूस पाहिजे."

"मंग मी बसू?"

"तुन्हामा वजन शे, पन ध्यान नही," असं म्हणून अभिमनभाऊंनी इकडेतिकडे पाहिलं, धोतराचा काचा मारला आणि झोक्यावर बसले. सुपडूने हलकेच ढकललं. मग जोरात. मग, कोणी सांगितलं नसताना, फारच जोरात. भाऊ पाय लांब करून वर गेले, खाली आले, पुन्हा वर गेले. दोराचा आवाज नाही. पीळ सुटत नाही. वरून त्यांना झुलालचं खळं, त्यापलीकडचा आग्रा रोड आणि रोडवरचे ट्रक दिसले. त्यांचा ऊर भरून आला.

"सुपडू, दोर पास!" ते वरून ओरडले.

त्याच क्षणी काड्कन आवाज आला, आणि दोर, फळी आणि अभिमनभाऊ असे तिघे बरोबरच खाली आले.

दोराला खरंच काही झालं नव्हतं. फांदी आतून किडलेली होती. तपासणीत फांदी नव्हती, एवढंच. सुपडूने त्यांना उठवलं, धूळ झाडली, मोडकी फांदी खांद्यावर टाकून घरी नेऊन चुलीला लावली आणि झोका शेजारच्या फांदीला बांधून टाकला. छातीत डावीकडे कळ येत होती, पण भाऊंना त्याहून मोठी काळजी होती.

"कोन्ही देखं का रे?"

"कुत्रं बी नही."

"सुपडू, आखाजीना झोकावर मिशीवाला मानूस बसना आनि पडना. बाया माले मरस तोवर सोडाव नहीत. तुले मन्ही आन शे."

घरी बैलाने ढुशी दिल्याचं सांगण्यात आलं. द्रौपदाबाईंनी गोठ्यात जाऊन बैलाकडे पाहिलं. बैलाने रवंथ थांबवून त्यांच्याकडे पाहिलं.

रात्रभर कुशीवर वळता येईना, तेव्हा दुसऱ्या दिवशी दोघे दोस्त धुळ्याला एक्स-रे काढायला गेले. अंधाऱ्या खोलीतल्या माणसाने सांगितलं, "सदरा काढा." भाऊंनी सदरा काढला. बंडी काढा असं तो म्हणाला नाही, आणि बंडीला आतून लावलेल्या बिल्ल्याबद्दल त्याने विचारलंही नाही. काच ओली ओलीच बाहेर आली. डॉक्टरांनी ती उजेडात धरली आणि त्यांचा चेहरा उतरला.

"बाबा, तुम्ही काही गिळलं होतं का?"

"सकायले चहा पिनू."

"चहा चौकोनी नसतो. हे बघा, बरगडीवर चौकोन आहे, त्यात तीन गोल आहेत. पुन्हा काढा रे."

पुन्हा काढला. चौकोन होताच. मग अंगाचा कोन बदलून काढला. चौकोन थोडा सरकला, पण गेला नाही. एक्स-रेवाल्याला वाटलं मशीन बिघडलं, म्हणून त्याने काटा वाढवून आणखी एकदा काढला. शेवटी त्याने वैतागून बंडीत हात घातला.

"अहो, हे काय आहे? आधी काढायचं नाही का?"

"काढता येत नही," भाऊ ठामपणे म्हणाले. "सरकारी नियम शे."

बरगड्या शाबूत होत्या, नुसता मुकामार होता. एक्स-रेवाल्याने रागाने सगळ्या काचा एका पाकिटात कोंबून दिल्या. अभिमनभाऊंनी पाकीट धान्याच्या कोठीमागे लपवलं, बिल्ला धोतराने पुसून देव्हाऱ्यात ठेवला, आणि लिलाबाईला घेऊन वाल्मीक आला तेव्हा ते खाटेवर बसून बैलाला शिव्या देत होते. आखाजी झाली. वाल्मीक बिल्ला घेऊन कामावर गेला. विषय मिटला, असं दोघा दोस्तांना वाटलं.

त्या पावसाळ्यात गावात एक नवी चाल आली. निंदणीला बसलेल्या बाया ती म्हणत, पाणवठ्यावर म्हणत. भाऊ जवळ आले की शब्द थांबायचे, नुसतं गुणगुणणं राहायचं. चाल मात्र भाऊंना फार आवडली. औत हाकताना तेही ती गुणगुणू लागले, आणि मग बाया तोंडात पदर कोंबून बांधावर बसून घेत. आपला गळा इतका चांगला आहे हे त्यांना उतारवयात कळलं, याचं त्यांना थोडं वाईट वाटलं.

दिवाळीला वाल्मीक आला तो तोंड पाडून. फराळाला हात लावीना. द्रौपदाबाईंनी ताट सरकवून ठेवलं आणि समोर बसल्या.

"आते सांग."

वाल्मीकने सांगितलं. बिल्ला तपासला तेव्हा आकडा असा निघाला, की गोळ्यांच्या ढिगाजवळ वर्षभर बसून राहिला असता तरी तेवढा व्हायचा नाही. मोठे साहेब घाबरले. त्याची रक्ततपासणी झाली, त्याला भट्टीपासून दूर केलं, वरच्या मजल्यावर खुर्चीत बसवलं. मग टिकल्या बारकाईने पाहिल्या, तर ही युरेनियमची किरणं नव्हेतच, एक्स-रे मशीनची आहेत असं निघालं. आणि तिथून साहेबांची नजर बदलली. भट्टीवर काम नको म्हणून याने मुद्दाम बिल्ला एक्स-रेसमोर धरला, असा वहीम आला. असले चाळे पूर्वी कोणीतरी केले होते म्हणे.

"आबा, बिल्ला देव्हारामाच व्हता ना?"

"देव्हारामाच," अभिमनभाऊ म्हणाले. त्यांचा आवाज त्यांना स्वतःलाच परका वाटला.

"मंग मन्ही नोकरी गयी. परवा चौकशीले साहेब येणार शेत."

वाल्मीक उठून बाहेर गेला. ज्या भट्टीचं नाव घेतलं की पोराच्या तोंडावर उजेड यायचा, ती भट्टी आपण विझवली, हे अभिमनभाऊंना नीट कळलं. त्यांनी बायकोकडे पाहिलं. बाई त्यांच्याकडे पाहतच होत्या. सांगून टाकावं असं त्यांच्या ओठापर्यंत आलं. मग त्यांना झोका दिसला, झोक्यावर बसलेले ते स्वतः दिसले, आणि कलाबाई दिसली. त्यांनी पाणी पिऊन घेतलं.

चौकशीचे साहेब वाणी आडनावाचे, कारखान्याच्या सुरक्षा खात्यातले. मूळ जळगावचे. चौकशी नेमकी दिवाळीच्या दिवसांत का निघाली, आणि धुळ्याच्या चौकशीला जळगावमार्गे का जावं लागलं, हे त्यांच्या प्रवासभत्त्यालाच ठाऊक. लक्ष्मीपूजनाच्या दुसऱ्या दिवशी सूर्यग्रहण होतं. ग्रहणात घराबाहेर पडायचं नाही, खायचं नाही, प्यायचं नाही, असा आईचा हुकूम सुटायच्या आत साहेब पहाटेच निघाले. आंबखेड्याला पोचले तर इथेही कोणी चहा विचारीना. ग्रहणाचे वेध लागले होते. साहेब उपाशीपोटी कामाला लागले.

त्यांच्याकडे दांडीचं एक मशीन होतं. किरणं मोजायचं. ते सावकाश टक, टक करत होतं. साहेबांनी ते देव्हाऱ्यापुढे धरलं, कोठीपुढे धरलं, गोठ्यात नेलं. मागे सगळं गाव. बैलापुढे टक-टक वाढली नाही, म्हणजे बैल निर्दोष ठरला, तेव्हा अभिमनभाऊंना दरदरून घाम फुटला, कारण तोपर्यंत सुपडूने त्यांच्या कानात सांगितलं होतं, "भाऊ, हाई मशीन खोटं धरस म्हने."

"कोन म्हने?"

"बठ्ठा गाव म्हनस."

तेवढ्यात साहेब वळले आणि मशीन सुपडूच्या पोटासमोर आलं. टकटकटकटकटक! मशीन पिसाळलं. गाव चार हात मागे सरलं. सुपडू पांढराफटक पडला.

"भाऊ, मी कोन्हाले सांगं नही! आईनी आन!"

"काय सांगितलं नाही?" साहेबांनी लगेच विचारलं.

"तो बिडी पेस, घरमा चोरून," अभिमनभाऊ म्हणाले. सुपडूच्या बायकोने मान वळवून नवऱ्याकडे पाहिलं, आणि सुपडूवर एकाच वेळी दोन संकटं आली.

साहेबांनी त्याच्या बंडीचा खिसा रिकामा करायला लावला. आतून पेट्रोमॅक्स बत्तीच्या मेंटलांची पाकिटं निघाली; आदल्या दिवशी लक्ष्मीपूजनाला बत्त्या गेल्या होत्या त्यातली उरलेली. साहेब हसले. "घाबरू नका, या जाळीत थोडं थोरियम असतं, मशीन त्यालाच ओरडतं. एक्स-रेशी याचा संबंध नाही." गावाचा जीव खाली आला. सुपडूचा आला नाही. त्याची बायको अजून बघतच होती.

मग साहेब ओट्यावर खुर्ची टाकून बसले. समोर वाल्मीक उभा, बाजूला अभिमनभाऊ, अंगणात गाव.

"बाबा, बिल्ला देव्हाऱ्यातून हलला नाही?"

"नही."

"नक्की?"

"मांजर शे घरमा एक. तिनी नेयेल व्हई."

"मांजर एक्स-रे काढायला गेली?"

"धुळ्याले नही जास ती," भाऊ कबूल झाले. "उंदीरबी शेत."

वाणीसाहेबांनी निःश्वास टाकला. ते माणूस म्हणून वाईट नव्हते. "वाल्मीकराव, मी तुमच्या बाजूनं काही सापडतंय का बघायला आलो होतो. बिल्ला घरात होता म्हणता, घरात एक्स-रे मशीन नाही, तुम्ही कुठं गेला नाहीत. मग मला लिहावं लागेल की हे तुम्हीच केलं. पुढे काय होईल ते तुम्हाला माहीत आहे."

"माहीत आहे, सर," वाल्मीक म्हणाला. एवढंच. बापाकडे त्याने वळूनही पाहिलं नाही, कारण बापावर त्याचा संशयच नव्हता.

ते अभिमनभाऊंना सहन झालं नाही. ते उठले. तोंड उघडलं. अंगणात पहिल्याच रांगेत कलाबाई बसलेली होती. तोंड मिटलं. पुन्हा उघडलं. याच वेळी अंगणातलं ऊन फिकट झालं, कोंबड्या गोंधळल्या, आणि कोणीतरी ओरडलं, "लागनं! गिऱ्हान लागनं!"

द्रौपदाबाई आयुष्यात कधी ग्रहण बघायला बाहेर आल्या नव्हत्या. ग्रहण सुटेपर्यंत त्या देवापुढे जप करत बसायच्या. आज त्या घरातून बाहेर आल्या, हातात एक काळी काच, आणि सरळ साहेबांच्या नाकासमोर उभं राहून सूर्याकडे तोंड करून ती डोळ्याला लावू लागल्या.

"अहो बाई!" वाणीसाहेब खुर्चीतून उडाले. सुरक्षा अंगात मुरलेली. "एक्स-रेतून सूर्य बघू नका! डोळे जातील! द्या ती इकडे."

बाईंनी मुकाट दिली. साहेबांनी ती बाजूला ठेवता ठेवता सवयीने उजेडाकडे धरली. मग ते तसेच उभे राहिले. बरगड्यांच्या मधोमध चौकोन, चौकोनात तीन गोल, आणि कडेला बिल्ल्याच्या आतल्या पट्टीवर नंबरासाठी पाडलेली बारीक छिद्रं. त्यांनी ती मोजली, खिशातला चष्मा लावून परत मोजली.

"वाल्मीकराव, हा तुमचाच नंबर आहे," ते हळू म्हणाले. "ही छाती कोणाची?"

अभिमनभाऊंनी एकदा पोराकडे पाहिलं.

"मन्ही शे," ते म्हणाले.

मग त्यांनी सगळं सांगितलं. जमिनीकडे बघत, एका दमात. बिल्ला छातीवर लावला ते, आमदाराची सीट, दोराची टेस्ट, सुपडूचा धक्का, धुळ्याचा एक्स-रे, सगळं. बैलाचीही माफी मागितली. "मन्हा पोरगाना काही दोष नही, साहेब. मी बायास्ना हासाले भ्यायनू, आनि त्यानी नोकरी खाई टाकत व्हतू." इतकं बोलून ते थांबले आणि मान खाली घालून हसण्याच्या स्फोटाची वाट पाहू लागले.

कोणी हसलं नाही.

"भाऊ, इतलंच ना?" कलाबाई म्हणाली.

"इतलंच म्हंजे?"

"हाई ते बठ्ठा गावले आखाजीपासून ठाऊक शे. आम्ही जेवाले कोठे गयतूत? तुम्ही टेस्ट करनार म्हनीसन खळाना भितमांगे बसनूत. बठ्ठं देखं."

अभिमनभाऊंना खाली बसावं लागलं. वाणीसाहेब मात्र पुढे झाले. "म्हणजे बाई, तुम्ही साक्षीदार? पडले तेव्हा बिल्ला त्यांच्या अंगावर होता, हे तुम्ही शपथेवर सांगाल?"

"शपथ कसाले? गानामाच शे."

"कसल्या गाण्यात?"

बाया एकमेकींना कोपरानं ढोसू लागल्या. द्रौपदाबाई नवऱ्याकडे न बघता म्हणाल्या, "म्हना वं. पोरगानी नोकरीना सवाल शे." मग ग्रहणाच्या त्या पिवळट उजेडात सगळ्याजणींनी गळा काढला:

"निंबले बांधा झोका वं माय, दोर कोन तपासे?
छातीवर बिल्ला लाईसन भाऊ झोकावर बसे!
दोर करे कुरकुर वं माय, भाऊ म्हने मजबूत,
धपकन पडना खाले वं माय, उठना जसं भूत!"

गाव हसलं ते आता. वाल्मीक ओट्याच्या खांबाला धरून हसत होता आणि डोळे पुसत होता, आणि त्यातलं कितीसं हसण्याचं होतं हे त्यालाच माहीत. वाणीसाहेबांनी "पुन्हा एकदा, सावकाश" म्हणून गाणं ओळीओळीने लिहून घेतलं. 'गावातील महिलांचे सामूहिक निवेदन' असं वर लिहिलं.

अभिमनभाऊ एकटेच हसत नव्हते. ते ओठ हलवून काहीतरी जुळवत होते.

"ही चाल..." ते म्हणाले. "मी पावसायाभर म्हनत व्हतू ती..."

"तीच, भाऊ," कलाबाई म्हणाली. "तुम्ही भलती गोड म्हनतस."

भाऊ ताडकन उठले. आता हे बायकांना शिव्या देणार असं सगळ्यांना वाटलं. पण ते साहेबांसमोर जाऊन उभे राहिले.

"साहेब, ते खोडा. गानं चुकीचं शे. दोर कुरकुरना नही. दोर पास व्हता. फांदी मोडनी."

"अहो बाबा, त्यानं काय फरक पडतो?"

"पडतो, सर," वाल्मीक एकदम म्हणाला. त्याने डोळे पुसले आणि गेल्या कित्येक दिवसांत पहिल्यांदा साहेबासारखा बोलला. "कोणतं मटेरियल फेल झालं हे चुकीचं लिहिलं, तर पुढच्या वेळी लोक दोर बदलतील आणि त्याच फांदीला बांधतील. आबांचं बरोबर आहे."

अभिमनभाऊंनी पोराकडे पाहिलं, आणि त्यांना आमदाराच्या सीटवर बसल्यापेक्षा जास्त बरं वाटलं. वाणीसाहेबांनी मुकाट्याने ओळ खोडली. ग्रहण सुटलं, गावाने अंघोळी केल्या, आणि साहेबांना एकदाचा चहा मिळाला.

वाल्मीक परत भट्टीवर गेला. बिल्ला बाहेर नेल्याबद्दल त्याला ताकीद मिळाली, आणि गेटवरचा शिपाई आता सुटीला निघालेल्या साहेबांचे खिसे चाचपतो.

पुढच्या आखाजीला बायांनी गाण्यात 'दोर व्हता पक्का वं माय, फांदी निघनी सडी' अशी दुरुस्ती केली. ती चालीत बसत नव्हती, पण भाऊंचा आग्रह होता. झोक्यावर कोणी बसायच्या आधी कलाबाईने त्यांना मानाने बोलावणं धाडलं. भाऊ आले, छातीवर काही न लावता. दोराला त्यांनी हातही लावला नाही. निंबाखाली उभं राहून फांदीकडे बराच वेळ पाहिलं, काठीने ती वाजवली, कान लावून ऐकली. मग ते मागे वळले.

"सुपडू," ते म्हणाले, "बस."